अर्ध्या शेकेलाचे चित्र



अदार महिना जवळ आला की 'शब्बाथ शेकालिम' येतो. त्या दिवशी नेहमीच्या पाराशाखेरीज आणखी एक सेफेर काढून शेमोथच्या ३० व्या अध्यायातला छोटासा उतारा वाचतात. इस्राएल लोकांची मोजदाद करायची, पण डोकी मोजायची नाहीत. वीस वर्षांच्या व त्याहून मोठ्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल चांदी द्यावी आणि त्यावरून हिशेब लावावा, अशी ती आज्ञा आहे. श्रीमंताने अर्ध्याहून अधिक द्यायचे नाही आणि गरिबानेही कमी द्यायचे नाही.

आपले मिद्राश सांगतात की मोशे रब्बेनूंना ही आज्ञा नीट उमगेना. तेव्हा परमेश्वराने आपल्या सिंहासनाखालून अग्नीचे एक नाणे काढले, अर्ध्या शेकेल वजनाचे, आणि असे द्यावे म्हणून त्यांना दाखविले. लहानपणी अलिबागच्या इस्राएल आळीत ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली. ती मला कळली मात्र यंदा, आणि तीही एका अकरा वर्षांच्या मुलामुळे.

माझा नातू एके दिवशी शाळेतून आला तो गप्पच. खोदून विचारले तेव्हा कळले, की वर्गातल्या एका मुलाने त्याला एक जुने चित्र दाखविले होते. लांब नाकाचा एक माणूस नाण्यांच्या ढिगाशी बसला आहे. "हे बघ तुझे आजोबा," असे म्हणून तो मुलगा हसला. रात्री जेवताना नातवाने मला विचारले, "आजी, चित्रातले यहुदी नेहमी पैसेच का मोजत असतात?"

मी जन्मभर इतिहास शिकविला, पण त्या घटकेला मला उत्तर सुचले नाही. कोकणात आपल्याला पैशावरून कोणी हिणविले नव्हते. आपण तिथे 'शनवार तेली'. शब्बाथला घाणा बंद ठेवणारे तेली, एवढीच आपली ओळख. हे दुसरे चित्र आपल्याला या मुलखात आल्यावर चिकटले. मी त्याला म्हटले, "बाळा, चित्रावरून प्रश्न निघाला आहे, तर आपण चित्रेच पाहू." मग काही रविवार आम्ही पुस्तके घेऊन बसलो.

पहिले चित्र इंग्लंडमधलेच, १२३३ सालचे. राजाच्या खजिन्यातली हिशेबाची ती गुंडाळी आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तिच्या माथ्यावर कोण्या कारकुनाने नॉर्विचच्या यहुद्यांची थट्टा रेखाटली आहे. मधोमध तीन तोंडांचा, मुकुट घातलेला आयझॅक, भोवती सैताने, आणि एका बाजूला नाण्यांनी भरलेला तराजू धरून उभा असलेला माणूस. नातू म्हणाला, "हेच ते!" मी त्याला म्हटले, "आता खाली काय लिहिले आहे ते विचार." खाली आहे तो यहुद्यांकडून राजाने घेतलेल्या पैशांचा हिशेब. ज्याच्या पेटीत पैसा पडत होता त्याच्याच कारकुनाने देणाऱ्याला लोभी म्हणून रंगविले! कारागिरांच्या संघांत यहुद्यांना जागा नव्हती. व्याजबट्टा तेवढा उरला, आणि त्यातूनही राजा मन मानेल तसा कर घेई. १२७८ साली नाण्यांच्या कडा कातरल्याच्या आरोपावरून ६०० हून अधिक यहुदी कैदेत पडले, २५० हून अधिक फासावर गेले, आणि १२९० साली उरलेल्या सर्वांना देशाबाहेर काढले. ते उघडपणे परत राहू लागले ते १६५६ नंतर. आज आपले रीडिंगचे सिनेगॉग १९०० सालापासून ज्या रस्त्यावर उभे आहे, त्याचे नाव गोल्डस्मिड रोड. सर फ्रान्सिस गोल्डस्मिड हे यहुदी गृहस्थ १८६० ते १८७८ या काळात याच रीडिंगचे खासदार होते. तेव्हा कोणतेही चित्र पाहताना ते काढले कोणी आणि कशासाठी, हे आधी विचारावे. हा धडा मी नातवाला दिला.

पण एवढ्यावर थांबणे बरे नव्हे. दुसऱ्याचा दोष दाखविला म्हणजे आपले काम संपत नाही.

दुसरे चित्र पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातले. अँटवर्पच्या क्वेंटिन मात्सिस या चित्रकाराने ते १५१४ साली काढले. एक सराफ काट्यावर नाणी तोलतो आहे. शेजारी त्याची बायको प्रार्थनेचे पुस्तक उघडून बसली आहे. पुस्तकात मरियम आणि बाळाचे चित्र आहे, म्हणजे हे जोडपे ख्रिस्ती. बाईचा हात पानावर आहे, ती पान उलटते आहे. पण नजर मात्र नवऱ्याच्या हातातल्या नाण्यांवर! नातवाला आनंद झाला, कारण लोभ काही एकट्या यहुद्यांच्या वाट्याला आलेला नाही. मला मात्र जरा लाज वाटली. तेफिलाच्या पुस्तकावर हात आणि मनात विजेच्या बिलाचा आकडा, असे माझे किती शब्बाथ गेले असतील! वाचकहो, आपणही आपल्या मनाशी विचारून पाहा.

तिसरे चित्र आपल्या जन्मभूमीतले. मध्य प्रदेशात भारहूत येथे एक बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावरचे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले एक वर्तुळाकार शिल्प आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. श्रावस्तीच्या अनाथपिंडिक नावाच्या व्यापाऱ्याला राजपुत्र जेताची बाग बुद्धाला दान द्यायची होती. जमीन झाकेल इतकी नाणी हीच तिची किंमत ठरली. शिल्पात बैलगाडी सुटली आहे आणि माणसे चौकोनी नाणी जमिनीवर फरशीसारखी मांडीत आहेत. नातू बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आजी, हे मोजत नाहीत, पसरताहेत."

तेव्हा मी उठले आणि भिंतीवरचा फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. माझ्या आजीचा फोटो. नऊवारी लुगडे, डोक्यावरून पदर आणि गळ्यात पुतळ्यांची माळ. पुतळ्या म्हणजे नाणीच. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर माणसांच्या आकृत्या असत, त्यावरून आपल्याकडे 'पुतळी' हे नाव पडले आणि तशा टिकल्या सोनार घडवू लागले. म्हणजे आमच्या घरीही नाण्यांचे एक चित्र होतेच.

नातवाने विचारले, "ती माळ आता कुठे आहे?"

माळ नाही. एका वर्षी पावसाने सिनेगॉगची कौले उडाली, तेव्हा दोन पुतळ्या गेल्या. काकांच्या शिक्षणाला काही गेल्या. शेजारच्या आगरी बाईचे बाळंतपण अडले, तिला मुंबईला न्यायला एक गेली. ती परत मागायची नाही, असे आजीने घरात बजावले होते. आणि शेवटच्या उरल्या त्या माझ्या इंग्लंडच्या तिकिटाला. विमानतळावर निघताना तिचा गळा रिकामा होता आणि ती हसत होती.

मग मी शेमोथचा ३८ वा अध्याय काढला. अर्ध्या शेकेलांचे पुढे काय झाले ते तिथे लिहिले आहे. ६,०३,५५० पुरुषांनी दिलेली चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल भरली. त्या १०० किक्कारांच्या, वितळवून, १०० उथळ्या ओतल्या. उथळ्या म्हणजे मिश्कानच्या फळ्या व खांब ज्यांत उभे करतात त्या बैठका. उरलेल्या चांदीच्या आकड्या झाल्या. मिश्कानमध्ये सोन्याचा मेनोरा दिसे, रंगीत पडदे दिसत. उथळ्यांकडे कोण बघतो? पण त्या काढल्या असत्या तर सगळे कोसळले असते. आणि त्यांत कोणाचा अर्धा शेकेल कुठे आहे हे श्रीमंतालाही सांगता येत नव्हते.

मी नातवाला म्हटले, "बाळा, कोणी पुन्हा तसे चित्र दाखविले तर सांग, की आमच्या आजीच्या आजीची नाणी तुला दिसणार नाहीत. ती उथळ्यांत गेली. त्यांच्यावर आमचे घर उभे आहे."

बंधुभगिनींनो, अग्नीच्या नाण्याचा अर्थ मला इथे लागला. विस्तव चुलीत असला तर भाकरी भाजतो, छपराला लागला तर घर जाळतो. पैशाचेही तसेच. नाणे आपल्याकडे ओढणारा हात आणि नाणे सोडणारा हात, चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. खरे काय ते नाणे पुढे कुठे गेले त्यावरून ठरते. आणि अर्धाच शेकेल का? पूर्ण शेकेल देणाऱ्याला वाटेल, माझे काम झाले. अर्धा देणाऱ्याला दुसरा अर्धा देणारा भाऊ शोधावाच लागतो.

आता एक विनंती. हल्ली दुकानात फोन टेकवला की पैसे जातात. मुलांना नाणे हाती धरायलाही मिळत नाही, मग ते हातातून सुटताना काय वाटते हे त्यांना कसे कळावे? यंदा पुरिमला, आपल्या होळीच्या सणाला, मेगिल्ला ऐकायला जाताना घरातल्या प्रत्येक मुलाच्या मुठीत एक नाणे द्या. ते त्याने स्वतः दानपेटीत टाकावे. किती टाकले ते कोणी विचारू नये. आणि त्या रात्री घरातला एखादा जुना फोटो काढून, त्यातल्या कोणी काय सोडले म्हणून आपण इथवर आलो, ते मुलांना सांगा.

परमेश्वर आपल्या हातांना द्यायची सवय देवो, आणि आपल्या मुलांना ताठ मानेने उत्तर देण्याचे बळ देवो. आमेन.