सप्तव्यसनांत तंबाखू येते काय?

उपदेश घेणाऱ्याने सप्तव्यसनांचा त्याग करावा, ही पंथाची रीत सर्वांस ठाऊक आहे. द्यूत, मांस, सुरा, वेश्यागमन, पारध, चौर्य आणि परदारागमन ही ती सात. यवतमाळ जिल्ह्यातील वासनिक मंडळींकडून या संबंधात एक शंका वारंवार ऐकू येते. सुरेचे नाव या सातांत आहे, तंबाखूचे नाही. मग दारूस न शिवणाऱ्या उपदेशी गृहस्थाने विडी ओढली किंवा खर्रा खाल्ला, तर त्याच्या नियमास बाध येतो काय?

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचा काळ तेराव्या शतकाचा. तंबाखू आपल्या देशात आली ती पुढे सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. जी वस्तू या भूमीत नव्हतीच, तिचे नाव निषेधात कसे येणार? म्हणून नाव नाही एवढ्यावरून मोकळीक आहे असे ठरत नाही. निषेधाचे प्रयोजन पाहावे लागते.

जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे तो आज बद्ध असला तरी मुक्तीस योग्य आहे. आणि त्या ज्ञानाचा अधिकार मनुष्यदेहातच आहे. पहाटे डोळे उघडताच ज्याचा हात विडीच्या कट्ट्याकडे जातो आणि परमेश्वर मागाहून आठवतो, त्याने एक नवा धनी पत्करला आहे. हे पारतंत्र्यच व्यसनाचे लक्षण होय. वस्तू बदलली तरी लक्षण बदलत नाही.

खर्ऱ्याचेच पाहा. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून तो दिवसभर गालात धरला जातो. त्याने तोंडाची आतील त्वचा ताठर होत जाते, जबडा उघडेनासा होतो आणि पुढे कर्करोगाचे भय राहते. तंबाखू वगळली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरली आहे. नामस्मरणासाठी लाभलेले मुखच असे मिटत जावे, याहून मोठी हानी कोणती?

येथे दुसरी शंका निघते. वैद्याने भय घातले म्हणून व्यसन सोडले, तर त्यात वैराग्य कोठले? समाधान असे की, देह हे साधन आहे आणि साधनाचे रक्षण हाही धर्मच. धूम्रपान सोडल्यास वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. हे आयुष्य कशासाठी राखावयाचे, हे ज्याला कळले त्याचा त्याग टिकतो. केवळ भयाने केलेला त्याग प्रकृती सुधारताच ढळतो.

नुसत्या बाह्य बंदीनेही वासना जात नाही. एप्रिल 2021 मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद असता आपल्याच जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्राशन करून सात माणसे मृत्यू पावली. याचा अर्थ बंदी व्यर्थ आहे असा नाही. दारूबंदीसाठी झटणाऱ्या या जिल्ह्यातील स्त्रियांचे दुःख खरे आहे आणि त्यांची मागणी रास्त आहे. परंतु दुकान बंद झाल्यावरही माणसाला हात देणारा कोणी असावा लागतो.

तो हात देताना विवेक हवा. वर्षानुवर्षे अति मद्यपान करणाऱ्याने एकाएकी दारू सोडली, तर कंप, झटके, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून अशाने नियम देवासमोर घ्यावा आणि औषध डॉक्टरांकडून घ्यावे. औषधाने व्रतास उणेपणा येत नाही. घरच्यांनीही त्यास हिणवू नये. पाय घसरला तर पुन्हा नियम द्यावा.

हा विचार केवळ वासनिकांपुरता नाही. ज्या भिक्षुकाच्या झोळीत तंबाखूची डबी आहे, त्याने सुरात्यागाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? उपदेश देतेवेळी सातांबरोबर तंबाखू व खर्रा यांचेही नाव घ्यावे, आणि आरंभ आपल्या आश्रमापासून करावा, अशी सर्व महंत व साधुजनांस नम्र विनंती आहे.

दंडवत प्रणाम.