धावपट्टी खरी, विमानतळ दुसरा



चिकलठाण्याहून मुंबईला विमानाने जाणारे आपल्यात आता पुष्कळ आहेत. ते सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावर उतरतात. त्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या कडेला, अवघ्या तीन-चार किलोमीटरवर दुसरा एक लहान विमानतळ आहे: जुहू. तो १९२८ साली सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन तिथेच उतरले. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते. पण या लहानशा विमानतळाने एक मोठा प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे. आज त्याचाच विचार करू या.

१५ जुलै १९५३ रोजी बी.ओ.ए.सी. कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझला यायचे होते. ते जुहूला उतरले. सुदैवाने विमान शाबूत राहिले आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून नेण्यात आले. पुढे १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी, लंडनहून टोकियोकडे निघालेले जपान एअर लाइन्सचे डी.सी.-८ विमान तसेच चुकून जुहूला उतरले. आखूड धावपट्टी त्याला पुरली नाही. ते पुढे निघून गेले आणि इतके मोडले की पुन्हा दुरुस्त झाले नाही. विमानात १२२ माणसे होती. काही जखमी झाली, पण सगळी वाचली.

असे कसे होते? हवा स्वच्छ असली की वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी पाहून उतरण्याची मुभा असते. याला व्हिज्युअल अप्रोच म्हणतात. आता समुद्रावरून मुंबईकडे येणाऱ्याला काय दिसते पाहा. किनारा, दाट वस्ती आणि पूर्वेकडे तोंड केलेली धावपट्टी. होकायंत्रावरचे अंश जवळच्या दहाच्या पटीत धरून आणि शेवटचे शून्य गाळून धावपट्टीला क्रमांक देतात. पूर्व म्हणजे ९० अंश, म्हणून सांताक्रूझची धावपट्टी ०९. जुहूची ०८. दोहोंच्या दिशेत फरक सुमारे दहा अंशांचा, आणि आधी लागते ती जुहूची. लांबीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. आज सांताक्रूझची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे, जुहूची सव्वा किलोमीटरसुद्धा नाही. पण रिकाम्या पट्टीची लांबी आकाशातून नेमकी कळत नाही.

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ असे आपण म्हणतो. इथे मात्र दिसले ते सगळे तसेच होते. समुद्र खरा, शहर खरे, धावपट्टीही खरी. चुकले ते फक्त नाव. आपल्या मकबऱ्याचे छायाचित्र पाहून परगावचा माणूस ‘ताजमहाल!’ म्हणतो, तेव्हाही असेच होते. घुमट आहे, चार मिनार आहेत, पांढरा रंग आहे. पण या खुणा दोन्ही ठिकाणी आहेत. जी खूण दोन्हीकडे सारखीच आहे, ती ओळख पटवायला उपयोगाची नाही. ओळख पटते ती वेगळेपणाच्या खुणेने. आणि ‘सापडले’ असे मनाने एकदा ठरवले की वेगळेपण शोधायला नजर जातच नाही.

आता मुख्य प्रश्न. अशा माणसाला दोषी म्हणावे का? त्याने फसवले नाही, आळशीपणाने डोळे मिटले नाहीत, त्याला मनापासून वाटत होते की हेच ते ठिकाण. आपणही असेच म्हणतो ना? ‘आम्ही प्रामाणिकपणे केले.’ मुलीचे लग्न ठरवताना, भावाशी बोलणे तोडताना, घरकाम करणाऱ्या बाईवर चोरीचा आळ घेताना आपली खात्रीच असते. मग खात्री असणे पुरेसे नाही का?

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बरोबर असलेल्याची खात्री आणि चुकलेल्याची खात्री आतून अगदी सारखीच वाटते. सांताक्रूझला नीट उतरणाऱ्या वैमानिकाचे मन जितके निश्चिंत असते, तितकेच जुहूला उतरणाऱ्याचेही असते, चाके जमिनीला टेकेपर्यंत! म्हणून प्रामाणिकपणा हा चांगल्या मनाचा पुरावा आहे, खरेपणाचा नव्हे.

ॲरिस्टॉटलने फार पूर्वी एक भेद सांगितला. काही अज्ञान माणसाच्या हाताबाहेरचे असते, तर काही त्याने स्वतः ओढवून घेतलेले असते. दारूच्या नशेत गुन्हा करणारा ‘मला कळत नव्हते’ म्हणतो, पण न कळण्याचे मूळ त्याच्यातच असते. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार सदसद्विवेकबुद्धीला लावला. विवेकाचा कौल मोडू नये हे खरे, पण निष्काळजीपणाने चुकीचा कौल मिळाला असेल, तर ‘विवेकाने सांगितले’ एवढ्यावर सुटका होत नाही. प्रश्न ‘तुला खात्री होती का?’ एवढाच नाही. ‘ती खात्री पडताळून पाहण्याची संधी तुझ्या हाताशी होती का?’ हाही आहे.

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत ब्रॅन्सनला निघालेले साउथवेस्ट कंपनीचे विमान रात्री जवळच्याच एका लहान विमानतळावर उतरले. वैमानिकांना दिवे दिसले होते, धावपट्टी दिसली होती. पण डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी उपकरणांतल्या माहितीशी ताडून पाहिले नाही. उत्तर समोर होते, प्रश्न विचारला गेला नाही. आपल्या घरातही असेच घडते. रागावून दुरावलेली कुटुंबे आमच्याकडे येतात, तेव्हा पुष्कळदा आढळते की एक साधा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता: ‘तू खरेच असे म्हणालास का?’

विमानात दोन वैमानिक असतात. दोघे असूनही चूक होते, कारण पहिल्याने ‘दिसली’ म्हटले की दुसरा पहिल्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. म्हणून आता सहवैमानिकाने वरिष्ठाला टोकलेच पाहिजे, असे शिकवतात. आपल्या घरी टोकण्याची मुभा कोणाला आहे? सून म्हणाली, ‘मामंजी, एकदा चौकशी करू या,’ तर आपण ऐकतो, की उलट बोलली म्हणून रुसतो?

कोणी म्हणेल, सारखी शंका घेत बसलो तर विमान उतरणार कधी? इंधन संपेल! बरोबर आहे. कायम घिरट्या घालणे हा शहाणपणा नव्हे. पण तपासण्याची वेळ उतरण्याआधीची असते. शंका आली की विमान पुन्हा वर घेऊन फेरी मारता येते आणि त्यात कोणाही वैमानिकाला कमीपणा वाटत नाही. संसारात मात्र ‘थांबा, पुन्हा पाहू’ म्हणायला आपल्याला लाज वाटते.

आणखी दोन गोष्टी. कॉमेट विमान सुखरूप उडून गेले, जपानी विमान मोडले. चूक एकच होती, फळ वेगळे. म्हणून ‘काही बिघडले नाही ना?’ हे निरपराधीपणाचे प्रमाणपत्र मानू नका. आपला शब्द कोणाला लागला नसेल, तर ते आपले नशीब, आपला सद्गुण नव्हे. तसेच ज्याची चूक सर्वांना दिसली, त्यालाच तेवढे नीच समजू नका.

दुसरे असे की, दोष एकट्या चुकणाऱ्याचाही नसतो. १९६० साली लंडनमध्ये पॅन ॲमचे जेट विमान हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरले. तिथे साउथॉलच्या गॅसच्या अवाढव्य टाकीवर हीथ्रोसाठी इंग्रजी एल आणि एच ही अक्षरे मोठ्या आकारात रंगवलेली असत. चुकणाऱ्याला दूषण देणे सोपे आहे, खूण रंगवून ठेवणे कष्टाचे. ज्या वळणावर आपण स्वतः फसलो ते वळण आपल्याला माहीत असते. मागून येणाऱ्या तरुणांना ते सांगून ठेवणे हे आपले कर्तव्य नाही का?

या आठवड्यात ज्या माणसाविषयी आपली अगदी पक्की खात्री झाली आहे, अशा एकाचे नाव मनात आणू या. ती खात्री कोणत्या खुणेवर उभी आहे? तीच खूण निरपराध माणसातही दिसली असती का? दिसली असती, तर आपण अजून हवेतच आहोत. चौकशीला वेळ आहे.