थांबविणाऱ्याचे ऋण

दुसऱ्याचे चालू काम अर्ध्यावर थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो त्या दुसऱ्याचे काय देणे लागतो? बदलीचा हुकूम येताच अर्धे लिहिलेले टिपण टेबलावर ठेवून ‘चार्ज’ देण्याचा प्रसंग ज्यांच्यावर वारंवार येतो, त्यांना हा प्रश्न केवळ तात्त्विक वाटणार नाही. परंतु माणसांच्या व्यवहारात त्याचे उत्तर शोधू गेले की राग, लोभ, ज्येष्ठता अशा नाना गोष्टी आड येतात. म्हणून जेथे रागालोभाला वावच नाही अशा ठिकाणी, म्हणजे संगणकाच्या अंतर्भागात, तो पाहावा असे मला वाटते.

संगणकाचा कारभार चालविणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. (सैन्यातील कर्नलशी त्याचे नाते नाही, हुकमत मात्र तशीच.) काम करणारा प्रोसेसर एक आणि त्याच्यापुढे खोळंबलेल्या प्रक्रिया अनेक, अशी स्थिती असल्यामुळे कर्नेल एकीला क्षणभर बसवितो, थांबवितो आणि दुसरीस जागा देतो. १९६१ साली अमेरिकेतील एम. आय. टी. येथे फर्नांदो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कालविभागणीची यंत्रणा चालवून दाखविली, तिच्यातही मूळ कल्पना हीच होती.

यातील विलक्षण गोष्ट अशी की, थांबविलेल्या प्रक्रियेस आपण थांबलो होतो हे कळत नाही. एक आज्ञा आणि तिच्यापुढील आज्ञा यांच्यामध्ये शंभर परक्या प्रक्रिया येऊन गेल्या, तरी तिच्या लेखी काहीच घडलेले नसते. हे साधावयाचे तर तिची त्या क्षणीची स्थिती जपून ठेवावी लागते : पुढची आज्ञा कोणती, स्टॅक कोठवर आला होता, रजिस्टरांत कोणते आकडे होते. रजिस्टरे म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेले कप्पे. इंटेलच्या नेहमीच्या चौसष्ट-बिटी प्रोसेसरांत सामान्य कामाचे असे कप्पे दीर्घकाळ अवघे १६ होते. कप्पे तेच राहतात, बसणारा बदलतो. म्हणून पहिल्याचा ऐवज काढून ठेवणे भाग पडते. हे काम वाटते तितके सरळ नाही. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये नेमक्या या पालटाच्या जागी, वाचकाला हे समजावे अशी अपेक्षा नाही, अशा आशयाची एक टीप होती. ती पुढे फार गाजली. डेनिस रिची यांनी नंतर मोकळेपणाने सांगून टाकले की, ते त्यांना स्वतःलाही नीट उमगलेले नव्हते!

बरे, सर्वच काही परत मिळते असेही नाही. प्रोसेसरलगतच्या कॅश स्मृतीत प्रक्रियेने जमविलेली सामग्री दुसरीच्या वावराने हटविली जाते आणि परतल्यावर तिला काही काळ मंदगतीने चालावे लागते. कर्नेल याची भरपाई करीत नाही. गेलेला वेळही तो परत देत नाही. ज्याच्या अभावी उत्तर चुकेल ते सारे परत द्यावयाचे. ज्याच्या अभावी उत्तरास केवळ विलंब लागेल त्याची हमी घ्यावयाची नाही, अशी ही वाटणी आहे. मला ती न्याय्य वाटते. बदलीवरून परतलेल्यास त्याची फाइल मागता येईल. हातातील सफाई कोणी बांधून ठेवावी?

परंतु या वाटणीच्या मुळाशी एक कसोटी गृहीत धरलेली आहे : थांबविलेल्यास काही जाणवले नाही, त्याचे उत्तर चुकले नाही, म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला नाही. ही कसोटी पुरेशी आहे काय?

अपूर्णांकी गणितासाठी प्रोसेसरात निराळी, मोठी रजिस्टरे असतात. एके काळी बहुतेक प्रक्रियांना त्यांची गरज पडत नसे. तेव्हा दर पालटास ती उचलून ठेवण्याचे श्रम कशाला, असा विचार करून जुन्या प्रक्रियेचा ऐवज तेथेच राहू देत आणि कप्प्यांना जणू कुलूप लावीत. नव्या प्रक्रियेने त्यांस हात लावलाच तर प्रोसेसर कर्नेलला हाक मारी आणि मग अदलाबदल होई. हिशेब चोख होता. दरम्यान त्याच मोठ्या रजिस्टरांचा उपयोग गुप्त मजकूर सांकेतिक करण्यासाठीही होऊ लागला आणि किल्ल्या त्यांत राहू लागल्या. जून २०१८ मध्ये उघड झाले की, इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत परवानगीची खात्री होण्यापूर्वीच पुढील आज्ञा अंदाजाने चालविल्या जातात आणि त्या वाटेने नवी प्रक्रिया जुनीचा ऐवज हेरू शकते.

येथे कोणाचे उत्तर चुकले नव्हते. ज्याचे त्याला जसेच्या तसे परत मिळत होते. पूर्वीच्या कसोटीने पाहिले तर तक्रारीस जागाच नाही. तरीही अन्यायाची वाट उघडी होती, हे कोणी नाकारील असे वाटत नाही. परत देणे हा ऋणाचा निम्मा भाग. ठेव आपल्या ताब्यात असताना ती दुसऱ्याच्या दृष्टीस पडू न देणे हा उरलेला निम्मा. कुलूप प्रोसेसरने दिलेले होते आणि ते पोकळ निघेल हे कर्नेलच्या कर्त्यांना ठाऊक नव्हते, हा बचाव मला मान्य आहे. पण बचत सर्वांची होती आणि धोका मात्र गैरहजर असलेल्याच्या ठेवीला होता. अशा व्यवहारात अज्ञानाची सबब दुबळीच ठरते.

लिनक्सच्या मुख्य धारेने ही रीत २०१६ मध्येच सोडली होती, आणि तीही प्रामुख्याने वेगळ्या कारणाने : बहुतेक प्रक्रिया ती रजिस्टरे वापरू लागल्यामुळे बचत अशी उरलीच नव्हती. आता जुना ऐवज पालटाच्या वेळीच काढून ठेवतात आणि नव्या प्रक्रियेस तिचा स्वतःचा ऐवज दिल्यावाचून तिच्या हाती कारभार सोपवीत नाहीत. इंटेलच्या सर्वांत रुंद व्हेक्टर रजिस्टरांचाच ऐवज २,०४८ बाइट भरतो.