आकाश कुणाचं, जमीन कुणाची

भर पावसाळ्यात नाणेघाटात पाणी वर चढतं. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि खाली पडू पाहणारी धार उचलून पुन्हा पठारावर भिरकावतो. या उलट्या धबधब्याचा फोटो चारचौघांत दाखवला, तेव्हा कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "मस्त केलंय. कुठल्या अ‍ॅपमध्ये केलं?" तिच्या स्वरात संशय नव्हता. कौतुकच होतं, आणि तेच मला लागलं. वाऱ्याचं श्रेय तिनं सहज अ‍ॅपला देऊन टाकलं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र, म्हणजे खालच्या धुक्यावर आपल्याच सावलीभोवती उमटणारं गोल इंद्रधनुष्य, तिला दाखवलं असतं तरी तिनं हेच विचारलं असतं. आणि तिनं का विचारू नये? गडांच्या माथ्यावर आकाशगंगा, तळ्यावर परातीएवढा चंद्र, कासच्या पठारावर तिथल्या तेरड्याला आणि सीतेच्या आसवांना कधी न लाभलेला भडक जांभळा रंग, हेच पाहत ती मोठी झाली आहे. सह्याद्रीत जे खरोखर अद्भुत आहे, तेच आता बनावट वाटू लागलं आहे.

अशा वेळी पहिली मागणी तोंडात येते ती अशी: निसर्गाच्या फोटोला हात लावू नका. ती फार वेळ टिकत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून गणितानं भरले जातात. म्हणजे 'हात न लावलेल्या' फोटोतलाही बराचसा रंग अंदाजाचाच. 'नॅशनल जिओग्राफिक'नं फेब्रुवारी 1982च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, त्यावर केवढा वाद झाला, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

मला त्याहून जुनी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 1850च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळची कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला इतकी हळवी, की समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन जाई. मग काही चित्रांसाठी त्यानं आकाशाची काच वेगळी घेतली, समुद्राची वेगळी घेतली, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून एकच चित्र छापलं. तेच ढग त्यानं एकाहून जास्त समुद्रांवर वापरले. ऑक्टोबर 2020मध्ये फोटोशॉपनं आकाश बदलायची सोय एका क्लिकवर आणली, तेव्हा तिच्यामागे एवढी जुनी परंपरा होती.

तेव्हा हात लागला की नाही, हा प्रश्नच नाही. माझ्या मनात एक भेद बरीच वर्षं घर करून आहे: आपलं आकाश आणि उसनं आकाश. जे त्या जागेत होतं तेच ताणलं, दाबलं, काळवंडलं, तर ते आपलं. दुसरीकडून आणून चिकटवलं, तर ते उसनं.

माझे एक मित्र या भेदावर नेहमी चिडतात. उत्तम भटके आहेत, आणि संपादन करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. एका गडाच्या फोटोवरून आमचं जुंपलं. सप्टेंबरातली दुपार, ओलं हिरवं गवत, समोर तटबंदी. त्यांनी वर आकाशगंगेचा झगमगता गाभा बसवला, आणि मग ते जुळावं म्हणून खालचा गड निळसर, अंधारा केला. मी उसन्या आकाशाबद्दल बोललो तेव्हा त्यांनी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं नाव काढलं, जे या वादात हमखास निघतं. 1927मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर अ‍ॅडम्सनं गडद लाल फिल्टर लावला आणि दिवसाउजेडीचं आकाश जवळजवळ काळं करून टाकलं. 1941 साली न्यू मेक्सिकोत टिपलेल्या हर्नांडेझ गावच्या चंद्रोदयाच्या प्रती तो पुढं कैक वर्षं काढत राहिला, आणि नंतरच्या प्रतींत आकाश काळंभोर होत गेलं. पियानोची तालीम झालेला हा माणूस निगेटिव्हला संगीताची लिपी म्हणे आणि प्रिंटला तिचं सादरीकरण; आपल्याकडे त्याला बंदिश आणि गाणं म्हणता येईल. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. काळं केलेलं आकाश हाफ डोमचंच होतं. चंद्र हर्नांडेझचाच होता.

शिवाय मित्राच्या चित्रातला कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून उभा होता. आपल्या अक्षांशावरून आकाशगंगेचा गाभा दक्षिणेलाच दिसतो, आणि 40-45 अंशांच्या वर जात नाही. उत्तरेच्या तटावर तो कधीही येणार नाही. मित्र म्हणाले, "हे किती जणांना कळणार?" हा त्यांचा सर्वांत दुबळा मुद्दा. पाहणाऱ्याच्या अज्ञानावर जे उभं राहतं, त्याला कलेचं नाव कसं द्यायचं? मोठा चंद्र हवा असेल तर तोही खरेपणानं मिळतो. चंद्राचं बिंब अर्ध्या अंशाचं. दहा किलोमीटर दूर जाऊन लांब पल्ल्याच्या लेन्समधून पाहिलं, तर सुमारे 90 मीटर रुंदीचा सुळका बरोबर त्या बिंबाएवढा दिसतो. नकाशा काढावा लागतो, वेळ गाठावी लागते, आणि बऱ्याचदा ढग आडवे येतात. जागेशी असं नातं जुळलेल्या माणसाचा चंद्र मी कधीही मान्य करीन.

जाता जाता मित्र आणखी एक वाक्य बोलले. "अरे, हे स्वप्न आहे, पंचांग नाही." याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही.

इथं थोडं बाजूला जातो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये निसर्ग पाहायला निघालेली मंडळी खिशात एक छोटा, किंचित फुगीर, काळसर आरसा बाळगत. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावानं तो ओळखला जाई. डोंगराकडे पाठ करायची, आरसा समोर धरायचा आणि त्यात मागचा डोंगर पाहायचा. काळ्या काचेत तपशील विरघळत, झाड, पाणी, आकाश सगळं एकाच सौम्य छटेत येई आणि जुन्या तैलचित्रासारखं दिसे. कवी टॉमस ग्रे 1769मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये हा आरसा हातात धरून चालला असताना रस्त्यातच उताणा पडला. बोटांची पेरं फुटली. मला या आरशाबद्दल मनापासून आपुलकी आहे. फोटोग्राफी जन्मायच्या कितीतरी आधी माणसाला डोंगर डोंगरासारखा पुरत नव्हता, चित्रासारखा हवा होता. आणि तो आरसा नेमकं काय करी? सगळ्याला एका छटेत बांधून टाकी.

आजचं संपादनही तेच करतं. आकाश बदलून भागत नाही. नव्या आकाशाच्या रंगात खालची जमीनही रंगवली जाते, म्हणजे जोड कुठं आहे हे कळू नये. सूर्यास्त बसवला की गवत सोनेरी होतं, तारे बसवले की तट निळा पडतो. सावल्यांचा प्रश्न मात्र राहतोच. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढगांतून गाळून येणाऱ्या उजेडाला दिशाच नसते, आणि त्याच्यावर तिरप्या उन्हाचं आकाश ठेवलं की दगडसुद्धा बावचळल्यासारखे दिसतात.

आता मित्राच्या स्वप्नाकडे येतो. ज्यांनी स्वप्नाचं चित्र सर्वांत नीट काढलं, त्यांनी काय केलं? बेल्जियन चित्रकार रेने माग्रितनं एकाच कल्पनेवर कितीतरी चित्रं रंगवली: खाली रात्र, बंद घर, पेटलेला रस्त्यावरचा दिवा, काळी झाडं, आणि वर भर दिवसाचं निळं आकाश, पांढरे ढग. आकाश बदललंय, बस्स. पण त्यानं रात्रीला दिवसाचा रंग लागू दिला नाही आणि दिवसाला रात्रीचा. दोन्ही अर्ध्या भागांत सगळं साधं, शाळकरी नेटकेपणानं रंगवलेलं. पोटात कालवाकालव होते ती दोन्ही खरं असल्यामुळं. जेरी युल्समन (1934–2022) यांनी हेच छायाचित्रात केलं, आणि संगणकाशिवाय. फ्लोरिडात शिकवणारे युल्समन डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर ओळीनं मांडत, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह ठेवत आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत. त्यातून मुळांसकट हवेत तरंगणारं झाड निघे. 1967मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं एकल प्रदर्शन भरलं. त्यांच्या चित्रातला प्रत्येक तुकडा मात्र सरळ, प्रामाणिक फोटो आहे. झाडाच्या सालीवर जो उजेड पडला होता, तोच उजेड तिथं आहे.

युल्समनचं आकाशही उसनंच. म्हणजे माझा लाडका भेद इथं पुरा पडत नाही. मग उसनेपणा त्रास का देत नाही? कारण त्यांनी जोडाचं नातं लपवलेलं नाही. कडा गुळगुळीत आहेत, पण या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत, हे चित्र स्वतःच सांगतं. तालुक्याच्या गावातल्या जुन्या स्टुडिओतला रंगवलेला पडदा आठवा: मागं तळं, कारंजं, कधी ताजमहाल, आणि पुढं नव्या लुगड्यात ताठ उभी आजी. पडदा जिथं फरशीला टेकायचा ती रेषा स्पष्ट दिसायची. त्या फोटोंनी कुणालाच फसवलं नाही, आणि त्यातली आजी तळ्याकाठी खरोखर कुठंतरी गेल्यासारखी दिसते.

जोड न लपवण्याच्या या कसोटीला एक अडथळा आहे आणि तो मला सोडवता आलेला नाही. छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीनं 1999च्या 'राइन 2' या नदीच्या फोटोमध्ये पलीकडची वीजनिर्मितीची इमारत आणि कुत्री फिरवणारी माणसं संगणकावर पुसून टाकली. उरल्या गवत, पाणी आणि आकाश यांच्या आडव्या पट्ट्या. पुसल्याची खूण कुठंही नाही. माझ्या हिशेबानं हे चित्र फसवं ठरायला हवं, पण त्याच्यासमोर मी गप्प होतो. कदाचित त्यानं बाहेरून काही आणलं नाही म्हणून. कदाचित एवढी रिकामी नदी युरोपात शक्य नाही, हे पाहणाऱ्याला आतून कळतं म्हणून.

तरीही मित्राशी माझं भांडण आता जागा बदलून बसलं आहे. त्यांनी फार बदललं, ही माझी तक्रार उरलेली नाही. त्यांनी भ्यालेपणानं बदललं, ही आहे. तारे हवे होते तर ठेवा, उत्तरेलाही ठेवा. पण खालची दुपार का मारली? ते ओलं हिरवं गवत, तटावरचा सपाट पांढरा उजेड, चिऱ्यांच्या फटींतला तेरडा, सगळं जसं होतं तसं राहू द्या आणि वर रात्र पसरू द्या. मग ते चित्र गडाबद्दल थाप मारणार नाही. तो गड दुपारी असाच असतो. आकाशाबद्दलही थाप मारणार नाही, कारण ते तिथलं नाही हे लहान पोरालाही कळेल. असं ऐकल्यावर ते म्हणाले, "लोक म्हणतील याला नीट जोडता आलं नाही." म्हणोत. आपल्याकडच्या निसर्गचित्रांत रंगांचा सुकाळ आहे. दोन न जुळणाऱ्या खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून तिथंच थांबायची हिंमत मला अजून फार कुणाच्या चित्रात दिसलेली नाही.