दुसरा डाव

हरण्यात कमीपणा नाही, असे आपण मुलांना सांगतो. पण सामन्यांचे नियम मात्र असे करतो की, जो हरला त्याने तडक घरची वाट धरावी. गावच्या जत्रेतली कबड्डी घ्या की कॉलेजांचे सामने घ्या, बहुतेक ठिकाणी बाद पद्धतच. विद्यापीठांच्या संघांसाठी 1935 साली सुरू झालेली रोहिंटन बारिया करंडकाची क्रिकेट स्पर्धा अनेक वर्षे याच पद्धतीने खेळली गेली. या पद्धतीत 16 संघ उतरले तर 15 सामने होतात आणि 15 संघ हरून परततात. एका सकाळी चेंडू जरा अधिक वळला, एखादा झेल सुटला, की वर्षभराची मेहनत दुपारच्या जेवणापूर्वीच आटोपली!

एका पराभवाने माणसाची किंमत ठरवावी काय, हा प्रश्न मला खेळापेक्षा मोठा वाटतो. अमेरिकेतल्या कॉलेजांनी आपल्या बेसबॉलपुरते त्याचे एक उत्तर शोधले आहे. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. बाजूला 9 खेळाडू आणि सामन्याला 9 डाव. तिकडे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, बहुतेक गटांची अजिंक्यपदाची स्पर्धा भरते आणि जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळते. यातल्या पुष्कळ स्पर्धांचा नियम असा की, एकदा हरलेला संघ बाद होत नाही. दोनदा हरला की बाद. 1950 पासून ओमाहा शहरात भरत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धेनेही हाच नियम पाळला. आज तेथे केवळ अंतिम लढत तीन सामन्यांची असते. म्हणजे तेथून परतणाऱ्याला, नशिबाने दगा दिला, असे सहसा म्हणता येत नाही. त्याला दोनदा विचारलेले असते.

कोणी म्हणेल, ही फाजील दया झाली. हरलेल्याला पुन्हा उभे केले तर जिंकलेल्याच्या जिंकण्याला अर्थ काय उरला? आक्षेप खोटा नाही. परंतु या नियमात एक न्याय आहे. आजवर न हरलेला संघ अखेरच्या दिवशी, एकदा हरलेल्या संघाकडून हरला, तर त्यालाही आणखी एक सामना मिळतो. क्षमा दोघांना सारखीच.

शिवाय ही क्षमा मोजलेली आहे. आपल्या मुलांच्या खेळात ‘कच्चा लिंबू’ असतो. तो कितीदाही बाद झाला तरी बाद नाही, कारण तो कोणाच्या हिशेबातच नाही! लहानग्याला त्यात आनंद वाटतो; पण जरा जाणता झाला की तेच नाव त्याला झोंबू लागते. चूक कधीच न मोजणे ही माया असेल, पण तो मान नव्हे. पहिला पराभव लिहून ठेवावा आणि तरीही ‘ऊठ, पुन्हा खेळ’ असे म्हणावे, यात माया आहे आणि मानही आहे.

आपल्याकडचे दाखले कुस्तीत सापडतात. सुशीलकुमार 2008 साली बीजिंगला पहिलीच कुस्ती हरला. पण त्याला हरवणारा मल्ल अंतिम फेरीत पोहोचला, म्हणून नियमाने त्याला पुन्हा आखाड्यात उतरता आले आणि त्याने कांस्यपदक आणले. त्याची दुसरी संधी दुसऱ्याच्या यशावर टांगलेली होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव 1948 साली लंडनला सहावे आले होते. पुढच्या खेपेला हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 1952 साली खाशाबांनी कांस्यपदक जिंकले, हे सर्वांना ठाऊक आहे; पण ती दुसरी संधी आकाशातून पडली नव्हती, कोणाच्या तरी घरावर तिचे कर्ज चढले होते, हे आपण विसरतो.

खरी गोम येथेच आहे. 8 संघांचे सामने बाद पद्धतीने 7 लढतींत उरकतात. दोनदा हरण्याची मुभा दिली की 14 किंवा 15 लढती लागतात. मैदान दुप्पट दिवस अडते; पंच, जेवण, मुक्काम, सारेच दुप्पट. क्षमा ही केवळ मनाची गोष्ट नाही, ती वेळापत्रकाची आणि खिशाचीही आहे.

दहावीला नापास झालेल्याला पूर्वी ‘ऑक्टोबरची वारी’ घडे आणि वर्ष हातचे जाई. 2015 पासून फेरपरीक्षा निकालानंतर लगेच होऊ लागली, हे फार चांगले झाले. पण आमच्या मनोरच्या आसपासच्या पाड्यांवर पाहावे. दिवाळी सरली, भाताची झोडणी झाली, की कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर निघतात, आणि मुलेही बरोबर जातात. पास होण्याइतकी हजेरी लागते कुठे? अशा घरात नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षेची तारीख कळण्याआधी मजुरीचा दर कळतो. सुखवस्तू घरातला मुलगा दोनदा, तीनदा हरतो. क्लास लावतो, कॉलेज बदलतो. त्याच्या स्पर्धेचा नियम त्याच्या बापाने आधीच बदलून ठेवलेला असतो. नियम छापलेला एकच, पण एकाला तो दोनदा हरू देतो आणि दुसऱ्याला एकदाच.

म्हणून दुसरी संधी द्यावी की नाही, हा वाद मला अपुरा वाटतो. ती कोणाच्या खर्चाने द्यायची, हे आधी ठरले पाहिजे. हरलेल्या पोराला धीराचे चार शब्द सगळेच देतात. त्याच्यासाठी मैदान आणखी एक दिवस राखून ठेवणारा, त्याला एस.टी.चे भाडे आणि फॉर्मची फी देणारा माणूस विरळा. यंदा फराळाची ताटे शेजारीपाजारी पाठवताना, आपल्या ओळखीत असा एकदाच हरून बसलेला कोणी आहे का, एवढे आठवून पाहावे. खर्डेकरांसारखे घर गहाण टाकावे लागणार नाही. बहुधा एका परीक्षेच्या फीवर काम भागेल.