शौलाच्या पंक्तीस योनाथान

वाचनभाग: 1 शमुवेल, अध्याय 20.

परका मनुष्य अन्यायाच्या बाजूस उभा राहिला तर त्याचा निषेध करणे अवघड नाही. परंतु ज्या हातांनी आम्हांस घास भरविला तेच हात अन्यायास मत देतात, तेव्हा ख्रिस्ती मनुष्याने काय करावे?

आमचे मामा मंडळीचे वडील आहेत. आमचे तीर्थरूप लवकर वारले. तेव्हापासून आमच्या शिक्षणाचा सर्व खर्च मामांनी थोड्याशा जिराईत जमिनीवर चालविला. त्यांच्या दारातून उपाशी माणूस परत गेल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. असे असता गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, गायरानावरील पारध्यांची पाले उठवून देऊ असे सांगणाऱ्या गटास त्यांनी मत दिले, व घरोघर जाऊन इतरांसही द्यावयास लाविले. ती चोरांची जात, एवढेच त्यांचे कारण. इंग्रज सरकारच्या 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे त्यांत पारधीही आले. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण मामांच्या मनातून अद्याप गेला नाही. आमच्याच आजोबा-पणजोबांस गावाने वेशीबाहेर ठेविले होते, हे आम्ही किती लवकर विसरलो!

आता योनाथानाकडे पाहा. दाविदास मारण्याचा बेत कळताच त्याने प्रथम बापास एकीकडे गाठून समजाविले. तेव्हा शौलाने ऐकले व शपथही वाहिली (अध्याय 19). ती शपथ टिकली नाही. पुढे चंद्रदर्शनाच्या सणात, भरल्या पंक्तीत, योनाथानाने बापास पुसले की दाविदाचा अपराध तरी कोणता. बापाने उत्तरादाखल भाला उगारला. योनाथान उठला व त्या दिवशी जेवला नाही. त्यास दुःख झाले ते दाविदासाठी, असे शास्त्र सांगते. भाला तर त्याच्या स्वतःवर आला होता! दुसऱ्या दिवशी रानात बाण मारून त्याने मित्रास सावध केले. मग तो नगरात परत गेला, आणि शेवटी गिलबोवा डोंगरावर बापाच्याच सैन्यात पडला.

त्याने परत जावयास नको होते, असे म्हणणारे उपदेशक आम्हांस भेटले आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. मात्र परत जाण्यापूर्वी त्याने दाविदास संकटातून वाट करून दिली, हा क्रम ध्यानात घ्यावा. आम्ही तो उलटा केला. निवडणुकीनंतरच्या नाताळात मामांकडे गेलो, पोटभर जेवलो आणि शांतता राखली असे स्वतःस समजाविले. ती शांतता नव्हती. ज्वारीच्या पोत्याचा लोभ होता व थोडे भय.

पुढे ज्येष्ठात पाले हलविण्याची नोटीस आली. तेव्हा आम्ही त्या कुटुंबांबरोबर तहसील कचेरीत जाऊन अर्ज दिला, आणि त्याच सायंकाळी मामांच्या ओट्यावर जाऊन बसलो. अर्ज आमच्याच हातचा आहे हे त्यांस प्रथम सांगितले. दुसऱ्याच्या तोंडून कळणे बरे नव्हे. मग विचारले, "मामा, पावसाच्या तोंडावर त्या लेकरांनी जावे कोठे?"

मामा पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मामींनी ताट वाढले. "आधी जेव," एवढेच ते म्हणाले. आम्ही जेवलो. निघताना नेहमीप्रमाणे त्यांनी ज्वारीचे पोते आमच्या गाडीस बांधले. ह्यातील निम्मी ज्वारी पालांवर जाईल, असे आम्ही सांगितले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आणि दोरीस आणखी एक गाठ दिली.