उद्याची पाटी, कालचा सूर

ऑर्नेट कोलमनच्या सुरुवातीच्या रेकॉर्डची नावं एका दमात वाचली तर एखाद्या अंतराळ मोहिमेची जाहिरात वाचल्यासारखं वाटतं. 'टुमॉरो इज द क्वेश्चन', 'द शेप ऑफ जॅझ टू कम', 'चेंज ऑफ द सेंच्युरी'. प्रश्न उद्याचा, रूप येणाऱ्या काळाचं, बदल थेट शतकाचा. यांतल्या मधल्या रेकॉर्डचं नाव खरं तर 'फोकस ऑन सॅनिटी' ठेवायचं चाललं होतं. शहाणपणावर लक्ष ठेवा, इतकं साधं. अटलांटिक कंपनीच्या नेसुही एर्तेगुन यांनी ते बदलायला लावलं. माल विकायचा तर पाटी ठळक हवी, हे त्यांना कळत होतं. पण ती पाटी दुकानावर न राहता माणसालाच चिकटली. काळाच्या पुढचा सॅक्सोफोनवादक हे बिरुद कोलमनला मरेपर्यंत सुटलं नाही. मला मात्र त्याचं वादन ऐकताना पुढचं फारसं काही ऐकू येत नाही. फार मागचं ऐकू येतं.

जन्म १९३० चा, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा. घरी गरिबी. पोराने बूट पॉलिश करून पैसे जमवले आणि चौदाव्या वर्षाच्या आसपास आल्टो सॅक्सोफोन हाती आला. शिकवणी परवडणारी नव्हती, म्हणून पुस्तकात बघून शिक्षण सुरू झालं. तिथेच घोटाळा झाला. इंग्रजी मुळाक्षरं 'ए'पासून सुरू होतात, तेव्हा स्वरांची ओळही 'ए'पासूनच मोजायची, असं तो धरून चालला. ती मोजतात 'सी'पासून. त्यात आल्टो सॅक्सोफोनची स्वतःची एक खोड आहे. त्यावर वाजवणारा ज्याला 'सी' म्हणतो, तो आपल्या पेटीवर पांढरी एकला न मिळता काळी दोनला मिळतो. म्हणजे कागदावर एक, बोटांखाली दुसरं आणि कानावर तिसरं. चूक पुढे कळली, पण माझा अंदाज असा की तोवर एक गोष्ट पक्की झाली होती: स्वराचं नाव आणि स्वर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शाळेच्या बँडमधून त्याला काढलं, कारण सूझा या संगीतकाराचं एक संचलनगीत वाजवताना याने मध्येच आपल्या मनाच्या जागा घेतल्या.

पुढची दहा वर्षं वाचताना बंडखोर कलावंताची रम्य कथा कुठे सापडत नाही. तंबूतले खेळ, नाचाचे हॉल, रिदम अँड ब्लूजचे बँड. १९४९ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला एका कार्यक्रमानंतर त्याला बाहेर गाठून बेदम मारलं आणि त्याचा टेनर सॅक्सोफोन मोडून टाकला. पुढे लॉस एंजलिसला एका मोठ्या दुकानात लिफ्टमन म्हणून नोकरी केली. लिफ्ट थांबली की संगीतशास्त्राचं पुस्तक उघडायचं, हा अभ्यास. धातूचा नवा सॅक्सोफोन परवडेना म्हणून १९५४ मध्ये त्याने ग्राफ्टन कंपनीचा पांढरा प्लॅस्टिकचा घेतला. क्लबांमध्ये हा वाजवू लागला की बाकीचे थांबत, कधी त्याला उतरायला सांगत. नंतर या पांढऱ्या वाद्यात लोकांना क्रांतीचं चिन्ह दिसलं. घेतलं होतं ते स्वस्त म्हणून.

अशाच एका क्लबात चार्ली हेडन या तरुण बेसवादकाने त्याला पाहिलं. हेडन आयोवा-मिसुरीकडचा, गावरान गाणी गाणाऱ्या कुटुंबातला; दोन वर्षांचा असल्यापासून घरच्या रेडिओ कार्यक्रमात गायचा. बीबॉप या जॅझच्या शैलीत मुरलेल्या वादकांना जे झेपत नव्हतं ते याला झेपलं, हा योगायोग नाही. 'चेंज ऑफ द सेंच्युरी'वरचं 'रॅम्बलिन' ऐका. हेडनची पाळी येते आणि तो 'ओल्ड जो क्लार्क' हे डोंगराळ मुलखातलं जुनं लोकगीत वाजवू लागतो. शतक बदलायला निघालेल्या रेकॉर्डवर!

भांडण नेमकं कशाचं होतं तेही सांगायला हवं. चाळीसच्या दशकात घडलेल्या बीबॉपमध्ये गाण्याच्या प्रत्येक टप्प्याला एक कॉर्ड ठरलेली असते. वादक कितीही भन्नाट धावो, पावलं त्या कॉर्डवरच पडली पाहिजेत. पियानोवाला ती सतत खाली अंथरत असतो. कोलमनच्या चौकडीत पियानोच नव्हता. मुखडा वाजवायचा आणि मग त्यातल्या भावाच्या मागे जायचं. बेस आणि ड्रम्सनी ऐकत ऐकत सोबत करायची. हे म्हणे भविष्य. पण त्याच टेक्ससमध्ये लाइटनिन हॉपकिन्ससारखे ब्लूज गायक एकट्याने गिटार घेऊन बसत आणि ओळ संपेल तेव्हाच कॉर्ड बदलत. बारा बारचा साचा कधी साडेअकराचा व्हायचा, कधी तेराचा. त्यांना कुणी क्रांतिकारक म्हटलं नाही. कोलमनने ती जुनी मोकळीक न्यूयॉर्कच्या शिकलेल्या श्रोत्यांपुढे मांडली, आणि चारजण मिळून वाजवत असताना मांडली. गोची या दुसऱ्या गोष्टीत आहे. एकट्याने मनाला येईल तिथे वळणं सोपं. चौघांनी एकत्र वळायला फार बारकाईने ऐकावं लागतं.

'लोनली वूमन' हे त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं, २२ मे १९५९ ला ध्वनिमुद्रित झालेलं. आधी बेसवर एक खर्ज धरलेला. ड्रमवादक बिली हिगिन्सची झांज मात्र कुठलीशी गाडी गाठायची असल्यासारखी घाईत. आणि या धावपळीवर सॅक्सोफोन व डॉन चेरीचा कॉर्नेट अगदी सावकाश, ठेक्याला न बांधता, एक उसासा टाकावा तशी धून घेऊन येतात. दोघं एकच धून वाजवतात, पण कडा तंतोतंत जुळत नाहीत. दोन माणसं एकच दुःख सांगताना जशी मागेपुढे होतात तशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सराव कमी पडलाय. आता वाटतं, कडा जुळल्या असत्या तर बाई एकटी राहिली नसती.

नोव्हेंबर १९५९ मध्ये ही चौकडी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये दोन आठवड्यांसाठी आली आणि अडीच महिने राहिली. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनने डोक्यावर घेतलं, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने उघड नापसंती दाखवली. बेसूर आहे, ही मुख्य तक्रार. इथे आपल्याकडच्या कानाला थोडी सवलत मिळायला हवी. दरबारीतला गंधार पेटीच्या पट्टीवर सापडत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कोलमनचंही म्हणणं असंच काहीसं होतं: स्वर किंचित चढा किंवा उतरता असूनही सुरात असू शकतो. पण हे साम्य फार ताणू नये. दरबारीचा गंधार कुठे लावायचा ते पिढ्यान्‌पिढ्यांनी ठरवलंय, चुकलं तर कान पकडायला गुरू आहे. कोलमनला दर वेळी एकट्याने ठरवायचं होतं, आणि चुकलं की नाही हे सांगणारंही कुणी नव्हतं.

मुंबईशी त्याचा खरा धागा एकच, पण चांगला आहे. १९७१ मध्ये 'सायन्स फिक्शन' या रेकॉर्डसाठी त्याला गायिका हवी होती. मुंबईच्या आशा पुथली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होत्या; हिंदुस्थानी संगीत आणि ऑपेरा दोन्ही शिकलेल्या. रेकॉर्डचं पहिलंच गाणं त्यांचं. धून उंच-उंच उड्या मारते, खाली दोन ड्रमवादक कोसळत असतात आणि त्यांचा आवाज मधून शांतपणे जातो. आधाराला कॉर्ड नसताना धून एकटीने कशी न्यायची, हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नसावं.

सगळंच मला पटतं असं नाही. १९६५ पासून तो व्हायोलिन आणि ट्रम्पेटही वाजवू लागला. व्हायोलिनमध्ये मला खरवडण्यापलीकडे फार थोडं सापडतं. दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला, ड्रम्सवर बसवून १९६६ मध्ये रेकॉर्ड केली, तेव्हा वादक भडकले ते अगदीच अकारण नव्हे. आपल्या पद्धतीला त्याने 'हार्मोलोडिक्स' असं नाव दिलं आणि वर्षानुवर्षं समजावलं. ज्या पुस्तकाचा तो उल्लेख करी ते कधी आलं नाही. पण 'स्काइज ऑफ अमेरिका' ही सिम्फनी तो १९७२ मध्ये लंडनला घेऊन गेला तेव्हाची गोष्ट चटका लावते. वाद्यवृंदासोबत आपली चौकडी वाजवायची हा मूळ बेत, पण तिथल्या वादक संघटनेच्या नियमांमुळे चौकडीला परवानगी मिळाली नाही. नियम नसलेला माणूस म्हणून गाजलेल्याची अडवणूक अशी नियमाने झाली.

१९६५ मध्ये जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनला विशेष सन्मान देण्याची परीक्षकांची शिफारस पुलित्झर पारितोषिकाच्या मंडळाने फेटाळली होती. त्याच पुलित्झरने २००७ मध्ये कोलमनच्या 'साउंड ग्रामर'ला संगीताचं पारितोषिक दिलं. तो तेव्हा ७७ वर्षांचा होता.

जून २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये त्याच्या सन्मानार्थ कार्यक्रम झाला. वय ८४, वर्षभराने तो गेला. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स त्याच्याबद्दल बोलले. मग कोलमन खुर्चीत बसला, आल्टो तोंडाला लावला आणि वाजवू लागला. ड्रम्सवर डेनार्डो होता.